थंड चहाची तक्रार

‘शुक्तिका’ या किनारी विश्रामस्थळाच्या नियंत्रण-कक्षात कॅमेऱ्यांचा एकही पडदा नव्हता. या गोष्टीचा डॉ. मृणाल राजाध्यक्षला आजवर फार अभिमान होता. आज मात्र ती त्या चार कोऱ्या भिंतींकडे खिसा कापला गेलेल्या माणसासारखी पाहत होती.

“माझी आई कुठल्या तंबूत आहे, एवढंच सांगा.”

“माहीत असतं तरी सांगितलं नसतं,” व्यवस्थापक तिरोडकर म्हणाला. “आणि मला माहीतच नाही. पाहुणा होडीतून उतरला की आम्ही त्याच्या मनगटाला नाडीपट्टी बांधतो. पुढे यंत्र त्याला तंबू देतं. कोणता, ते आम्हाला सांगत नाही. तुमचीच अट होती ना बाई?”

तिरोडकर मूळचा जहाजावरचा अभियंता. समोरच्या माणसाच्या चपला आणि सामान पाहून, तो कितव्या दिवशी कंटाळेल याचा अंदाज तो एका नजरेत बांधत असे. मृणालकडे पाहून त्याने चार दिवस धरले होते.

अट तिचीच होती. कोंडसरीच्या या किनाऱ्यावर रस्ता येत नाही; तो पलीकडच्या कातळावर संपतो आणि पुढे होडीने खाडी ओलांडावी लागते. अलीकडे सुरूच्या बनात, एकमेकांकडे पाठ करून, आलिशान तंबू उभे होते. पितळी न्हाणी, सागवानी ओटा, मऊ गाद्या. पण खरा माल हा नव्हता. दुसरा माणूस न दिसणे, हा खरा माल होता. सगळे तंबू भरलेले असत, तरी प्रत्येक पाहुणा शपथेवर सांगे की सबंध किनाऱ्यावर आपण एकटेच होतो. शहरात फुकट मिळणारा एकटेपणा लोक इथे येऊन विकत घेत, आणि परत गेल्यावर त्याचे फोटो चारचौघांना दाखवत.

हे घडवून आणणारे ‘एकांतयोजक’ यंत्र मृणालने बनवले होते. त्या नात्याने तिला एका मुक्कामाचे मोफत निमंत्रण मिळाले. तिला स्वतःला वेळ नव्हता, म्हणून तिने आईला पाठवले. कुमुदिनीबाई आठवड्यासाठी आल्या. फोन इथे चालत नाही. मुक्काम वाढवायचा असेल तर पाहुण्याने नाडीपट्टीची कळ दाबायची. कुमुदिनीबाई कळ दाबत राहिल्या. याला आता चार महिने झाले होते.

“रागावून राहिली आहे, की तिला इथे खरंच बरं वाटतंय, एवढं एकदा तिच्या तोंडून ऐकायचंय,” मृणाल म्हणाली. “मग रविवारच्या होडीने मी जाईन. एकटी किंवा दोघी.”

“मग राहा पाहुणी म्हणून. कुठेतरी गाठ पडेल.”

“पडणार नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे.”

“ठाऊक आहे. तुमचीच शिकवणी तुम्हाला परत देतो.” तिरोडकरने खुर्ची पुढे ओढली. “यंत्र कोणाला अडवत नाही. अडवलं की माणूस चिडतो. नाडीवरून, त्याला आता काय हवंसं वाटणार आहे, ते यंत्राला जरा आधी कळतं. मग दुसऱ्या बाजूला त्याहून हवंसं काहीतरी ठेवायचं. सावली सरकवायची, वाळू जरा कोमट करायची, तळलेल्या सुरमईचा वास सोडायचा. माणूस आपल्याच मर्जीने वळतो. बरोबर?”

“बरोबर. आणि तुमचे कामगार? ते तर रोज तंबूच्या दारापर्यंत जातात.”

“त्यांनी पट्टी बांधून घेतली नाही. म्हणाले, आम्ही काय गुरं आहोत? मग तुम्हीच तोड काढलीत. यंत्र त्यांना कामावरून धरतं. झाडायला इतका वेळ, पाणी भरायला इतका. तेवढ्यात पाहुण्याला तंबूत गुंगवून ठेवायचं. वेळ संपली की कामगार गेला असं समजायचं. गेला की नाही, ते बघायला यंत्र जात नाही. आता या हिशेबातली एक चूक सांगू?”

“चूक नाहीये.”

“चहा!” तिरोडकरने टेबलावर थाप मारली. “कप ठेवून माणूस दोन मिनिटांत परत येतो. तुमचं यंत्र मात्र वीस-बावीस मिनिटं पाहुण्याला उठू देत नाही. इतका खर्च करून येतात आणि सकाळी पहिला घोट गार! तक्रारी ऐकून माझे कान किटले.”

“तो आकडा मी घातलेला नाही. यंत्र स्वतः शिकलंय.”

“कुठे शिकलं?”

“पहिल्या चाचणीत. पुण्याला, आमच्या घरी. मी आणि आई. पट्टी माझ्याच हाताला होती; दाराशी कोण आहे ते यंत्राला दारावरून कळायचं. मला कामात कोणी मध्ये यायला नको होतं, म्हणून तर हे सगळं सुरू झालं. दोन वर्षं चाचणी चालली. यंत्राने एकदाही आमची समोरासमोर गाठ पडू दिली नाही.”

हे ती आधी अभिमानाने म्हणाली. म्हणून झाल्यावर मात्र दाराबाहेर पाहू लागली.

“कामाच्या वेळात,” तिने मागाहून जोडले.

“आणि कामाची वेळ कोणती?” तिरोडकरने विचारले.

तिने हात टेबलावर ठेवला. त्याने तिच्या मनगटाला नाडीपट्टी बांधली.

पुढचे तीन दिवस मृणाल चालत राहिली. यंत्राला चकवायचे तर मनात काही ठरवायचेच नाही, असे तिने ठरवले. आणि ठरवले तिथेच ती हरली. तिने नाणे उडवून वाट धरली. डावीकडे गेली, तर सुरूच्या दोन खोडांमध्ये टांगलेला झोळा अजून हलत होता. त्यात आत्ताच कोणीतरी होते. उजवीकडे गेली, तर ओल्या वाळूवर पावले उमटलेली होती आणि लाट त्यांच्या टाचा पुसत होती. ती धावली. धावता धावता तिला एकाएकी तहान लागली, बाजूच्या मांडवात शहाळे सोलून ठेवलेले दिसले, आणि अर्धे पिऊन झाल्यावर तिच्या लक्षात आले की आपल्याला वळवले गेले. ती स्वतःवरच हसली. हसण्याचा आवाज फार मोठा वाटला, म्हणून थांबली.

तिने हाका मारून पाहिल्या. “आई! आई गं!” तंबूंचे कापड नीरवपट होते, माणसाचा आवाज त्याच्या आरपार जात नसे, समुद्राचा जाई. तेही तिचेच डोके.

संध्याकाळी ती ओट्यावर बसे. समोर इतका समुद्र होता की पाहून झाल्यावर करायला काहीच उरत नसे. प्रयोगशाळेत ती दिवसच्या दिवस एकटी बसे, पण तिथे कोणीतरी दाराबाहेर आहे असे कुठेतरी धरलेले असे. इथे बाहेर कोणी नाही याची तिने स्वतः हमी दिली होती. दुसऱ्या दिवशी तिने खेकड्याशी बोलून पाहिले. तोही बिळात गेला.

सकाळी जाग येई तेव्हा दाराशी चहा असे, बशीने झाकलेला आणि गार. तिला रोज आधी राग येई आणि मग पुण्याचे घर आठवे. आई चार वाजता चहा आणायची. चाचणी सुरू झाली तेव्हा अभ्यासिकेच्या दारावर ‘काम चालू’चा लाल दिवा लागला, आणि काही दिवसांनी आईने चहा आणणेच बंद केले, असे मृणालला वाटले होते. बरे झाले, तिचाही त्रास वाचला, असे वाटून तिने तो विषय संपवला होता.

शनिवारी सकाळी गार चहाचा कप घेऊन ती तरातरा मुदपाकखान्याकडे निघाली. या वाटेवर यंत्राने तिला वळवले नाही, कारण तिकडे पाहुणा कोणी नव्हता.

मुदपाकखान्यात चुलीशी तारामावशी बसल्या होत्या. तंबूंना चहा पोचवण्याचे काम त्यांचे. पाहुणी आत आलेली बघून त्यांनी घाईने उठून डोक्यावर पदर घेतला. पाठोपाठ तिरोडकर आला.

“मावशी, चहा ठेवून तुम्ही दाराशी थांबता का?” मृणालने विचारले.

“थांबू कित्याक? कप ठेवलो की मी फिरतंय. थंय उबी रवान काय करू?”

“कोणीच थांबत नाही?”

“गरम चाय घेऊन बंद दाराकडे कोण उबा रवतला गो बाय?” मावशी हसल्या. “खुळ्यासारखा?”

मृणाल हसली नाही. हातातला कप तिने ओट्यावर ठेवला. यंत्र कल्पना करत नाही. जे पाहिले नाही ते त्याला शिकता येत नाही. चहा घेऊन येणारा माणूस दाराशी वीस-बावीस मिनिटे उभा राहतो, हे त्याने कुठेतरी पाहिले होते. एकदा नव्हे, एकदा पाहिलेले ते नियम म्हणून धरत नाही. रोज पाहिले होते. आणि चहा घेऊन बंद दाराशी आलेला माणूस त्याला जगात एकाच घरात भेटला होता.

आईने चहा आणणे बंद केले नव्हते.

ती लाल दिव्यासमोर उभी राहत होती. यंत्र आतल्या मृणालपुढे एकेक काम सरकवत होते, दार उघडावेसे तिला वाटू देत नव्हते. कप गार झाला की आई परत जात होती. त्यानंतरच यंत्र मृणालला मोकळे सोडत होते. चाचणीच्या नोंदीत हे ‘यशस्वी’ म्हणून जमा झाले होते. मृणालने यशाची बेरीज तेवढी पाहिली होती.

“काय झालं?” तिरोडकरने विचारले.

“तुमची तक्रार खरी आहे. आकडा आईचा आहे. मला सांगा, ही तक्रार सगळेच करतात?”

“सगळे. आपापल्या तंबूचा क्रमांक टाकून चिठ्ठ्या पाठवतात. एक सोडून. समुद्राकडचा टोकाचा तंबू. तिथून कधी चकार शब्द नाही. कप मात्र रिकामा येतो.”

“दोन वर्षं रोज गार झालेला चहा परत नेऊन स्वतः प्यायलेल्या माणसाला तक्रार कशी सुचेल?” मृणाल म्हणाली, आणि मनगट पुढे केले. “पट्टी काढा. मी पाहुणी नाही. उद्या सकाळी त्या तंबूचा चहा मी नेते. कामाला ठेवा मला.”

“पगार देणार नाही.”

“नका देऊ.”

“आणि दार आतून बंद असतं. हाक पोचत नाही. मग करणार काय?”

“उभी राहणार. आईपेक्षा थोडी जास्त.”

तिरोडकरने तिच्याकडे पाहिले. चार दिवसांचा आपला अंदाज चुकल्याचे त्याने मनातल्या मनात मान्य केले असावे, कारण त्याने लगेच पट्टी काढली.

रविवारी सकाळी उजाडताच मृणाल चहा घेऊन टोकाच्या तंबूशी गेली. गवती चहा तिने स्वतः घातला होता, जरा जास्तच पडला होता. ओट्यावर एक ओळखीचे फिकट निळे नऊवारी वाळत होते. तिने कप ठेवला, बशी झाकली आणि उभी राहिली.

तिच्या मनगटाला पट्टी नव्हती. यंत्राच्या लेखी ती आता माणूस नव्हती, एक काम होती. आत यंत्र गादी उबदार ठेवत असेल, लाटांचा आवाज मंद करत असेल. सुरुवातीची मिनिटे सोपी गेली. मग पाय दुखू लागले. मग करण्यासारखे काहीच राहिले नाही. दाराकडे पाहण्यातही काही अर्थ नव्हता, कारण दार म्हणजे नुसते कापड होते. आपण आत नकोसे आहोत, असा विचार या जागी उभे राहणाऱ्याला आपोआप येतो, हे तिच्या ध्यानात आले. ते तिला यंत्राने शिकवलेले नव्हते. नुसते उभे राहूनच ते कळत होते. दोन वर्षे हा विचार रोज मनात येऊनही आई दुसऱ्या दिवशी पुन्हा चहा टाकत होती.

तिने बशी उचलून पाहिली. चहावर साय धरली होती. वाफ नव्हती.

हीच ती वेळ. इथून आई वळायची. यंत्राने या क्षणापलीकडे कधी काही पाहिलेले नव्हते. त्याच्या हिशेबात दारासमोरची जागा आता रिकामी होती.

खाडीच्या बाजूने होडीचा भोंगा ऐकू आला. मृणाल हलली नाही.

तंबूतला दिवा उजळला. कापडाच्या आत कोणीतरी गाठी सोडू लागले, हळूहळू, एकेक. पडदा वर झाला आणि कुमुदिनीबाई वाकून कप उचलायला बाहेर आल्या. त्यांना आधी मृणालचे पाय दिसले. त्या तशाच वाकलेल्या राहिल्या.

“कोण?”

“मी आहे.”

कुमुदिनीबाई सरळ झाल्या. चार महिन्यांत त्यांनी माणसाचा चेहरा पाहिलेला नव्हता. त्यांनी मृणालचा चेहरा कपाळापासून हनुवटीपर्यंत नीट पाहून घेतला.

“केव्हाची उभी आहेस?”

“आत्ताच आले.”

“खोटं बोलू नकोस. सायीवरून कळतं मला.” त्या म्हणाल्या. मग दाराच्या कापडाकडे पाहून, “दिवा लागलेला नव्हता का दाराला? लाल?”

“नाही.”

“इथे नसतो. म्हणून राहिले मी. घरी कोणी भेटत नाही याचं वाईट वाटायचं. इथे कोणीच कोणाला भेटत नाही, मग वाईट वाटून घ्यायला जागाच नाही.” त्यांनी सवयीने कप तोंडाला लावला.

“थांब, तो गार आहे. मी गरम करून आणते.” मृणालने हात पुढे केला.

कुमुदिनीबाईंनी तिचे मनगट धरले, जिथे काल पट्टी होती तिथेच.

“कुठे जाऊ नकोस, मृणू. तू वळलीस की ते यंत्र मला पुन्हा आत नेईल.”

त्या ओट्यावर बसल्या आणि तिला शेजारी ओढून बसवले. अर्धा चहा त्यांनी बशीत ओतला आणि बशी तिच्यापुढे सरकवली.