कातडं सुटेपर्यंत

काष्टीच्या जनावरांच्या बाजारात डॉक्टर वृषालीनं एका अनोळखी माणसाचा व्यवहार मोडायला बघितलं. "नका घेऊ हो ही गाय! कातडं चिमटीत येत नाही, बघा. उपासमारीनं बरगड्यांना चिकटलंय."

त्यानं गाय घेतलीच. वर हसून म्हणाला, "याला इंग्रजीत 'हाइडबाउंड' म्हणतात. आधी अशा उपाशी गुरांनाच म्हणायचे. मग बदलायला तयार नसलेल्या माणसांनाही म्हणू लागले."

हा कल्याण, श्रीगोंद्याच्या शाळेतला इंग्रजीचा मास्तर. मास्तरानं अशी उपाशी गाय घ्यावी म्हणजे कमालच! पण दर शनिवारी वृषाली त्याच्या गोठ्यावर जाऊ लागली. जंताचं औषध झालं, सरकी पेंड सुरू झाली. ती कातडं चिमटीत धरायची, तो शेजारी उभा राहायचा... आणि तिची बोटं उगाच चुकायची.

एका शनिवारी त्यानं विचारलं, "माझ्याशी लग्न कराल?"

तिचा चेहरा उतरला. ठरलेलं लग्न तिनं एकदा मोडलं होतं. त्या घराला शेणात हात घालणारी सून नको होती. तेव्हापासून तिनं लग्नावर पाणीच सोडलं होतं.

"मी हाइडबाउंड आहे, सर. बदलायची नाही."

"ही गाय कुठं हट्टी होती, डॉक्टर? उपाशी होती..." तो हळूच म्हणाला. "मी थांबेन."

पुन्हा त्यानं तो विषय काढला नाही. ती मात्र येत राहिली, औषधाच्या कागदावर पुढची तारीख लिहीत राहिली.

शेवटी त्याची आई, राहीबाई, कंबरेवर हात ठेवून उभी राहिली. "डाक्टरीनबाई, गाय कवाच धड झालीया. कातडं कसं सुटलंय बगा. मग पुढच्या शनवारची तारीख कशापायी लिवताय?"

वृषालीचं पेन थांबलं. खरंच की! मागचे चार शनिवार गायीला काहीच झालेलं नव्हतं. ती लाजेनं लाल झाली आणि तिचे डोळे भरून आले.

"माझं सुटायला जरा वेळ लागला..." ती कल्याणकडं बघत म्हणाली. "पण लग्नानंतरही मी शेणात हात घालणार."

"घाला की. बादली मी धरीन."

"आता हसू नका." तिनं मनगट पुढं केलं. "चिमटा काढून बघा, खरंच सुटलंय का..."

त्यानं चिमटा काढला नाही. हात धरला, आणि राहीबाई खाकरली तरी सोडला नाही.