पाचची हजेरी

हवालदाराची बदली त्या टोकाच्या वस्तीत झाली तेव्हा हुकमात फक्त त्याचं नाव होतं. पण एका माणसाची चौकी ही त्याच्या बायकोचीही चौकी असते, हे तिला सामान उतरवून व्हायच्या आतच कळलं. पुढच्या खोलीत चौकी, मागच्या दोन खोल्यांत संसार, आणि मधल्या दाराला कडीच नाही. तो फेरीवर गेला की येणारा-जाणारा तिलाच हाक मारायचा. कुणाची सायकल हरवलेली, कुणाच्या शेजाऱ्याने कुंपण हातभर पुढे सरकवलेलं, कुणाला टपाल आलं का ते हवं असायचं, कारण टपालाचं पोतं चौकीतच उतरायचं आणि औषधांची पेटीही तिथेच. वहिनी, जरा बघता का. वहिनी, तेवढं लिहून घ्या. पदवीचा कागद ट्रंकेच्या तळाशी गेला होता, आणि ती कडेवर तान्ही मुलगी घेऊन लिहून घ्यायची.

खरं काम पाचच्या हजेरीचं, आणि तो फेरीवर असल्यामुळे तेही तिच्याच गळ्यात. सकाळी समुद्रात गेलेली प्रत्येक होडी संध्याकाळी पाचला नंबराने मोजायची. वारा असेल तशा काही होड्या इथे लागत, काही समोरच्या बेटावर. तिथे दुसरी चौकी होती. ही एक नंबर, ती दोन नंबर. पाचला वायरलेसचा सेट लावायचा, त्यांनी त्यांच्याकडच्या होड्या सांगायच्या, आपण आपल्या, आणि बेरीज जुळली की दिवस संपला. सेटवर कुणी आपलं नाव सांगत नसे. नियम दोनच. पाचला खुर्ची रिकामी नको, आणि आधी होड्या, मग बाकीचं बोलणं. कारण त्या वेळी दोन्हीकडच्या व्हरांड्यांत माणसं उभी असायची, आपापल्या घरच्या नंबराकडे कान लावून.

दोन नंबरला आधी एक म्हातारे जमादार होते. दर नंबराला खोकायचे. ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी एक बाई आली.

बाईचा आवाज खालच्या पट्टीतला, सावकाश. "आठ, अकरा, सतरा. तिन्ही सुखरूप." जमादारांनी कधी कुणाला सुखरूप म्हटलं नव्हतं. व्हरांड्यातल्या बायका ते ऐकून एकमेकींकडे बघून हसल्या. त्यांना बरं वाटलं.

हवालदारालाही बरं वाटत असावं. पूर्वी सहाशिवाय घराचं तोंड न बघणारा माणूस आता पावणेपाचला हजर, सायकल व्हरांड्याला टेकलेली, तोंड धुतलेलं, केसांवरून ओला हात फिरवलेला. सेटचा माइक तो स्वतः घ्यायचा. होड्या झाल्या की दोन मिनिटं गप्पा. दोनाची चार झाली. ती मधल्या दारात मुलीचे लंगोट घडी करत उभी राहायची आणि एकाच लंगोटाची घडी पाच-पाचदा घालायची. गप्पांत तसं काही नसे. इकडे वारा, तिकडे वारा, पाण्याच्या टाकीची तक्रार. पण तो हसायचा. मुलगी झाल्यापासून घरात ते हसू कुणी ऐकलं नव्हतं.

दोन घरं सोडून दवाखाना होता. तिथल्या नर्सबाईंकडेही ऐकण्यापुरता एक सेट होता. त्या एकदा म्हणाल्या, "वहिनी, सांभाळा हो. दोन नंबरची बाई म्हणजे नावातच सगळं आलं." ती हसली, आणि घरी येईपर्यंत तिचे गाल दुखायला लागले.

मुलगी रोज साडेचारला रडायला घ्यायची. पोटात वायू धरतो म्हणे. ती खांद्यावर टाकून, पायांवर घालून, खिडकीपाशी नेऊन थकायची. पण पाचला सेट खरखरला आणि तो आवाज आला की मुलगी रडता रडता थांबायची, नळ बंद करावा तशी. मान वळवून सेटकडे बघायची. आवळलेल्या मुठी एकेक बोट करून सुटायच्या.

"बघ," नवरा म्हणाला, "हिलाही आवडतो आवाज."

हिलाही. म्हणजे आणखी कुणाला तरी आवडतोच. तो शब्द तिला दोन दिवस माशाच्या काट्यासारखा घशात टोचत राहिला.

एका मंगळवारी दुपारी चारच्या सुमाराला मुलीच्या हिरडीवरून बोट फिरवताना काहीतरी टोचलं. खालचा दात, डावीकडचा, तांदळाच्या कणीएवढा. नवरा फेरीवर होता. तिने ठरवलं, जेवताना सांगायचं, तोवर ही बातमी आपली एकटीची.

पाचला होड्या झाल्यावर बाईने विचारलं, "आणि छोटीचा दात काय म्हणतो? फार त्रास नाही ना?"

दात अजून आला नाही, असं त्याने सांगितलं. बघा तरी, असं बाई म्हणाली. तो बोट धुऊन आत आला, मुलीच्या तोंडात घातलं, आणि त्याचा चेहरा असा उजळला की बायकोकडे न बघताच तो उलट्या पावली सेटकडे धावला. मुलीच्या पहिल्या दाताची बातमी त्याने आधी दोन नंबरला दिली.

तिला लागलं ते हेच. बाईला कळलं कसं, हा प्रश्न पडायला निजायची वेळ झाली. या वयात दात येतातच, सांगणाऱ्याचं काय जातं, अशी तिने मनाची समजूत घातली. तिच्यासारख्या शिकलेलीला तेवढं पुरायला हवं होतं.

मग तिचा घसा बसला. आधी खरखर, मग नुसती हवा. मुलीला जोजवायचं तर ओठ हलायचे आणि आवाज नाही. चार दिवस ती सेटजवळ फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी नर्सबाई गुळण्यांचं औषध घेऊन आल्या आणि तिची कुजबुज ऐकून उंबऱ्यातच थबकल्या. काल तर म्हणे हजेरीला तिचा आवाज चांगला खणखणीत आला होता. तिने मान हलवून नाही म्हटलं.

"मग दोन नंबरची असेल," नर्सबाई म्हणाल्या. "तुमचा दोघींचा आवाज एकच आहे की. इतक्या दिवसांत कुणी बोललं नाही तुम्हाला?"

कुणी बोललं नव्हतं. आणि स्वतःचा आवाज सेटवर कसा लागतो, हे बोलणाऱ्याला कुठे कळतं.

त्याच संध्याकाळी नवऱ्याने तिच्यासाठी चहा केला, बिनसाखरेचा. तिने कप पुढे करून खुणेने विचारलं. तो म्हणाला, "तूच नाही का काल म्हणालीस, साखर बंद कर म्हणून?" काल ती अवाक्षर बोलली नव्हती. ते त्याच्याही ध्यानात आलं असावं, कारण चमचा हातातच राहिला. "कुणीतरी म्हणालं खरं," असं पुटपुटत त्याने दोन चमचे साखर घातली, आणि विषय पाण्याच्या टाकीवर नेला.

रात्रभर ती छताकडे बघत पडली. तिला भीती नाही वाटली, चीड आली. भांडायचं तर समोरचीचं तोंड तरी दिसायला हवं. महिन्यातून एकदा बेटावर घशाचा डॉक्टर यायचा. दहाची लाँच, साडेअकराला तिथे, चारच्या आत परत. मुलीला आदल्या दिवशीच सुई टोचली होती, अंग कोमट होतं. तिला पाण्यावरून नेऊ नका, असं नर्सबाईंनी बजावलं. नवरा म्हणाला, मी आहे की, दोन बाटल्या काढून ठेव आणि जा. मुलीला सोडून ती त्या दिवसापर्यंत विहिरीपलीकडेही गेली नव्हती. तरी गेली. घशाच्या डॉक्टरला दाखवायला लागतो त्याहून बराच जास्त वेळ आरशासमोर उभी राहून गेली.

वाटेत, समुद्राच्या मध्यावर, समोरून येणारी लाँच दिसली. रोजच या दोघी तिथे एकमेकींना ओलांडतात, लाँचवाले काका म्हणाले, आणि त्यांनी भोंगा वाजवला. त्या लाँचमध्ये एकच बाई होती. तुषारांसाठी शाल डोक्यावरून तोंडापर्यंत ओढलेली, मांडीवर पिशवी. तिने हात हलवला. हिनेही हलवला, रीत म्हणून. आधी हात कुणी उचलला, ते तिला नंतर काही केल्या आठवेना.

दोन नंबरची चौकी बघून तिचं पाऊल अडखळलं. सरकारने दोन्ही चौक्या एकाच नकाशावर बांधलेल्या. तोच व्हरांडा, तेच बाक, मधल्या दाराला तिथेही कडी नाही. फक्त खिडकीतला समुद्र उलट्या बाजूला. झाडणाऱ्या मावशी पुढची खोली झाडत होत्या. त्यांनी वर बघितलं.

"अगंबाई, मघाशीच तर लाँचवर बसवून आले तुम्हाला. विसरलात काय?"

तिने कुजबुजत सांगितलं, मला इथल्या बाईंना भेटायचंय.

मावशी कमरेवर हात ठेवून हसल्या. "थट्टा करायला आधी घसा तरी बरा होऊ द्या, बाई." आणि कनवटीची किल्ली काढून त्यांनी टेबलावर ठेवली, रोजच्यासारखी, आणि केर भरून निघून गेल्या.

घशाचा डॉक्टर आलाच नव्हता. वारा वाढत होता. दोनच्या सुमाराला धक्क्यावर लाल बावटा चढला आणि परतीची लाँच बांधून ठेवली. आता उद्या, नाहीतर परवा.

ती चौकीत परत आली. दुसरीकडे जायला जागाच नव्हती. टेबलावर हजेरीची वही होती. नवऱ्याविरुद्ध काही सापडतंय का, म्हणून तिने ती उघडली, हे तिने स्वतःशी कबूल केलं. रकाने नीटनेटके होते. समासात बारीक अक्षरात नोंदी.

आज दात. खालचा, डावा. तिने लपवला.

तिला मुलगी नीट धरता येत नाही. मान लोंबते.

तिच्याकडे सगळं आहे आणि ती कुरकुरते.

कालची नोंद शेवटची होती. उद्या ती येईल.

तिने पानं मागे चाळली, पुढे चाळली. वाचताना अक्षर कुठे अडत नव्हतं. अडणार कसं, तिचंच होतं ते. जोडाक्षराला मारलेला तो वाकडा फराटा, ज्यावरून कॉलेजात बाई तिला ओरडायच्या, तोसुद्धा.

व्हरांड्यात पावलं वाजू लागली. पावणेपाच झाले होते. बायका बाकावर टेकल्या, काही उभ्याच राहिल्या. वाऱ्यामुळे आज सगळ्यांचे चेहरे आवळलेले. एकीने दारातून विचारलं, "बाई, सेट लावताय ना? तेवीस नंबर अजून दिसत नाही."

खुर्ची रिकामी होती.

सेट खरखरला. "एक नंबरहून. दोन नंबर, हजेरी द्या."

नवऱ्याचाच आवाज. तिच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. ती खुर्चीत बसली, माइक उचलला, बटण दाबलं. अहो, मी इथे अडकलेय, असं म्हणायचं होतं. पण दारात त्या बायका उभ्या होत्या, आणि आधी होड्या. खिडकीतून किनाऱ्याला लागलेल्या होड्यांचे नंबर दिसत होते.

"दोन नंबरहून," ती म्हणाली. "चार, नऊ, बारा, पंधरा."

आवाज मोकळा निघाला. खालच्या पट्टीत, सावकाश. चार दिवसांची खरखर कुठल्या कुठे.

"तेवीस आमच्याकडे लागली," तो म्हणाला. दारातली बाई मटकन खाली बसली आणि देवाचं नाव घेतलं. "बेरीज जुळली. आणखी काही?"

"अहो, मी बोलतेय. छोटी कशी आहे? ताप उतरला का?"

"उतरला हो, बाई. तुम्ही रोज आठवणीने विचारता." तो हसला, तेच हसू. "आमची ही आज तिकडेच यायला निघाली होती. डॉक्टर नाही म्हणून निम्म्यातूनच परतली. पण घसा मात्र बरा करून आली."

"ती मी नाही. म्हणजे, मी आहे. अहो, ऐका. मी इथे आहे."

"काय म्हणालात? वाऱ्याने आवाज कटतोय तुमचा."

तिने पुन्हा सांगितलं. तिसऱ्यांदा सांगितलं. दारातल्या बायका आता तिच्याकडे बघत होत्या, आणि त्यांच्या नजरेत कीव होती.

"उद्या पाचला बोलू," तो म्हणाला. पण बटण सोडायला विसरला. खोलीतले आवाज येत राहिले. खुर्ची सरकली. मधलं दार करकरलं.

मग मुलगी रडली.

भुकेचं रडणं. पहिले दोन हुंदके आणि मग लांब सूर. सात महिने या सुराला तिचं अंग तिच्याआधी उत्तर द्यायचं. दुसऱ्या खोलीत असो, झोपेत असो, छाती दाटून यायची आणि कपडे भिजायचे. सकाळपासून तर तिने पाजलंही नव्हतं. ती दोन्ही हातांनी टेबल धरून वाट बघत राहिली.

काही झालं नाही. छाती हलकी होती, कोरडी, कधी काही नव्हतंच तिथे, अशी.

सेटवरचं रडणं थांबलं. वाऱ्याच्या खरखरीतूनही पलीकडचं गिळणं ऐकू येत होतं, घाईघाईचे घोट, एकामागून एक.