चिमटा

तुम्ही विचारलं म्हणून सांगते. छकुलीच्या कानावर मातर जाऊ देऊ नका.

छकुलीच्या बाबाचं जालन्याला आतड्याचं ऑपरेशन झाल्तं. तिसऱ्या दिवशी दुपारी छकुली खाली डबा आणायला गेल्ती, खोलीत मी एकटी. फिनाईलचा अन् उतरलेल्या मोसंब्याचा वास. यांच्या बोटाला चिमटा, त्याची वायर मशीनला. सिस्टरनं बजावल्तं, "मावशी, बाबा भरून दम घेत नाहीत, रक्तात ऑक्सिजन कमी पडतोय. आकडा नव्वदच्या खाली आला की मशीन ओरडेल. मला बोलवा."

मशीन सारखं ओरडायचं. सिस्टर यायची, यांना उठवून दम घ्यायला लावायची, टाके ताणायचे. शेवटी हे रडकुंडीला आले. "आशा, बंद कर ते... घडीभर पडू दे."

मला शहाणीला अक्कल सुचली. चिमटा काढून माझ्याच बोटाला लावला अन् सिस्टरला दिसू नये म्हणून हात यांच्या चादरीत घातला. अठ्ठ्याण्णव. मशीन गप झालं.

यांना झोप लागली. छाती भरून हलायला लागली, ओठाचा काळेपणा गेला. मला बरं वाटलं. मंग आकड्याकडं बघितलं तर चौऱ्याण्णव. मंग नव्वद. माझ्या छातीवर जात्याचा दगड ठेवल्यावानी झालं. चिमटा ओढून काढला... अन् यांची छाती थांबली. वर आलेली, तशीच. मी बोट परत घातलं. छाती हलली.

तीन डाव करून बघितलं. तीन डाव तेच.

मशीन ओरडलं, सिस्टर पळत आली. तिनं निस्ता आकडा बघितला, चौऱ्याऐंशी, अन् यांच्या तोंडावर मास्क दाबला. "बाबा, दम घ्या." मला सांगायचं व्हतं, पर बोलायपुरताबी दम माझ्यात राह्यला नव्हता. ती डॉक्टरला आणायला गेली. चिमटा काढावा तर हे जातेत, ठेवावा तर मी. ठेवला.

तेवढ्यात छकुली डबा घेऊन आली. माझं तोंड बघून घाबरली. "माय, ह्ये तुझ्या बोटाला कसं काय?" म्हणली, अन् चिमटा काढला. मशीन बिघडलं का काय म्हणून तिनं तो आधी आपल्याच बोटाला लावून बघितला.

माझ्यात दम आला. गार वारं आत गेल्यावानी, पोटापर्यंत. आता मला बोलता येत व्हतं.

मी यांच्याकडं बघितलं. छाती बराबर हलत व्हती. मशीनवर अठ्ठ्याण्णव. मंग शहाण्णव.

"माय... ह्ये कमी का होऊन राह्यलं?"

लेक माझा जीव हाये, खोटं सांगत न्हाई.

मी म्हणले, "राहू दे थोडा वेळ."