थोट्याचं उत्तर

कलिंगडाची एक फोड घ्यायची आणि मग कामाला लागायचं, एवढ्याच विचारानं फुल्जेंझिओ जमादार चौकीतून निघाला. ऑगस्टातली दुपार होती. या वेळेला अख्खं रोम खिडक्या लावून झोपतं. कुत्रीसुद्धा भिंतीच्या सावलीबाहेर पाय टाकत नाहीत. फोड खात खात तो बुकबाइंडरांच्या गल्लीत शिरला.

गल्लीच्या तोंडाशी एक जुना संगमरवरी पुतळा होता. कुणाचा ते कुणालाच ठाऊक नव्हतं. दोन्ही हात खांद्यापासून तुटलेले, म्हणून लोक त्याला थोटा म्हणत. पोपच्या राज्यात माणसानं तोंड उघडलं की गळ्याला फास लागे, म्हणून माणसं दगडाच्या तोंडून बोलत. कुणीतरी थोट्याच्या छातीवर प्रश्न डकवायचा, दुसऱ्या कुणीतरी त्याखाली उत्तर, आणि शहरानं पोट धरून हसायचं. रीत एकच होती. उत्तर वाचावं सगळ्यांनी, पण काढून न्यावं ते विचारणाऱ्यानंच.

गेल्या महिन्यात थोट्यानं गव्हर्नरनं केलेल्या गव्हाच्या चोरीवर तोंड टाकलं आणि गव्हर्नर पिसाळला. फुल्जेंझिओनं प्रोस्पेरो नावाच्या बुकबाइंडरला धरलं. त्याच्या बोटांना खळ होती, एवढाच पुरावा.

"पुस्तकं बांधतो मी, जमादार," प्रोस्पेरो म्हणाला होता. "बोटांना खळ नाही तर काय अत्तर असणार?"

लोक हसले, आणि ते हसणं फुल्जेंझिओला झोंबलं. थोट्याच्या चौथऱ्यावरच त्यानं तो हात दाबून धरला आणि कुऱ्हाड घातली. पहिला घाव हाडात अडकला. दुसरा घातला, तिसरा घातला. हात शेजारच्या खांबाला खिळ्यानं ठोकला. प्रोस्पेरो तापात तडफडून मेला.

चिठ्ठ्या मात्र थांबल्या नाहीत. अक्षर तेच, डावीकडे कललेलं. गव्हर्नरनं फुल्जेंझिओला बोलावून शांतपणे सांगितलं, "चुकीचा हात तोडलास. रविवारपर्यंत बरोबर हात आण. नाहीतर तुझा ठेव."

म्हणून फुल्जेंझिओनं गळ टाकला होता. पहाटे स्वतःच एक प्रश्न लिहून डकवला: 'थोट्या, हात कुणी तोडले?' उत्तर द्यायला कुणीतरी येणारच. हे त्यानं कुणालाच सांगितलं नव्हतं, हाताखालच्या चेंचोलासुद्धा नाही. शाबासकी वाटून घ्यायची त्याला सवय नव्हती.

खांबाखाली प्रोस्पेरोची बायको द्रुसिल्ला अंजिराच्या फांदीनं त्या हातावरच्या माश्या हाकलत बसली होती.

"सावलीत या, जमादार. ऊन डोक्यात शिरेल. आत जागा पुष्कळ आहे म्हणा."

"घरी जा, बाई."

"निघालेच." ती उठली आणि थोट्याच्या छातीवरचा कागद निरखत राहिली. "अक्षर जबान्या लिहिणाऱ्याचं दिसतंय. विचारलंत ना? मग उत्तर घेतल्याशिवाय जाऊ नका हं."

फांदी तिथंच टाकून ती गेली. चेंचोला त्यानं नुसतं पहाऱ्याला म्हणून गल्लीच्या दुसऱ्या टोकाला उभं केलं होतं. फुल्जेंझिओ समोरच्या बंद दारूच्या दुकानाच्या दारात दबा धरून बसला. दगडांतून वाफ येत होती. माश्यांचा घोंघाट तेवढा चालू होता... आणि एकाएकी तोही थांबला.

मग वास आला. ताज्या शिजवलेल्या खळीचा, कोमट, आंबूस. पाठोपाठ कुंचला फिरल्यासारखा आवाज. फस्... फस्...

गल्लीत कुणी नव्हतं.

थोट्याच्या छातीवर, प्रश्नाच्या खाली, एक ओला कागद चढत होता. सुरकुत्या आपोआप सपाट होत होत्या, कारण कागदाच्या आतून पाच उंचवटे हळूहळू फिरत होते, कसलेल्या बुकबाइंडरच्या सफाईनं. फुल्जेंझिओनं खांबाकडे पाहिलं. तिथं नुसता खिळा होता.

पळून जावं असं त्याला फार वाटलं. पण कागदावर डावीकडे कललेली अक्षरं उमटली होती: 'ज्यानं विचारलं, त्यानं.'

हे गावानं वाचलं तर? त्यानं झेप घेऊन कागद ओरबाडला. कागदानं त्याचा हात धरला. खरोखर धरला, बोटांत बोटं गुंतवून. त्यानं पाय चौथऱ्याला लावून हिसका दिला, तशी नखं त्याच्या मांसात रुतली आणि खळीत रक्त मिसळलं.

"जमादार?" मागे चेंचो उभा होता.

"चेंचो... सोडव मला. हा... हा ओढतोय."

चेंचोला पुतळा दिसला, फाटका कागद दिसला, आणि कोपरापर्यंत खळीनं माखलेला साहेबाचा हात दिसला. मग त्यानं वरचा प्रश्न वाचला.

"हे अक्षर तुमचं आहे."

"तो गळ होता, लेका. पकडायला टाकला होता मी."

"कुणाला सांगितलं होतंत?"

फुल्जेंझिओ नुसता हात ओढत राहिला.

"म्हणजे सगळ्या चिठ्ठ्या तुमच्याच, अक्षर मुद्दाम तिरकं काढून. आणि जीव प्रोस्पेरोचा गेला." चेंचो म्हणाला. "हातात खळ सापडली की विचारपूस नाही, हे तुम्हीच शिकवलंत मला."

रविवारी गव्हर्नरच्या हुकमानं चेंचोनंच कुऱ्हाड उचलली. त्याला सवय नव्हती, त्यामुळे बराच वेळ लागला. या खेपेला गल्लीत कुणी हसलं नाही. तुटलेला हात खांबाच्या मोकळ्या खिळ्यावर ठोकला गेला.

कोठडीत फुल्जेंझिओ तापानं फणफणत पडला होता. आठवड्यानं चेंचो दाराशी आला. तोंड उतरलेलं.

"आज परत चिठ्ठी लागलीय," तो म्हणाला. "माझं नाव आहे तिच्यात."

"अक्षर... डावीकडे कललेलं?"

चेंचोनं नकारार्थी मान हलवली. "सरळ आहे. तुमचं आहे, जमादार. आणि तो खिळा पुन्हा रिकामा आहे."

फुल्जेंझिओनं आपल्या मनगटावरच्या चिंध्यांकडे पाहिलं. त्यांच्यापुढे काहीच नव्हतं. पण जिथं बोटं असायची तिथं त्याला सकाळपासून गार लागत होतं, चिकट लागत होतं. चेंचो बोलत असतानाच ती बोटं कुणीतरी हळूच मिटली आणि पुन्हा कोमट खळीत बुडवली.