कोरड्या मातीतलं रीडिंग

"या वायरवर काय चालवणार आहात?"

मला मध्ये बोलायची खरं तर काहीच गरज नव्हती. सुट्टीचा दिवस होता, मी इलेक्ट्रिकच्या दुकानात बॅटरीचे सेल घ्यायला गेले होते आणि शेजारी उभा असलेला माणूस माझा कोणी लागत नव्हता. पण त्यानं जे वायरचं बंडल निवडलं होतं ते फार तर टेबलफॅनला पुरलं असतं, आणि दुकानदाराला मात्र तो भट्टीबद्दल सांगत होता.

"भट्टी," तो माझ्याकडे वळून म्हणाला. "मातीची भांडी भाजायची. विजेवरची. फ्रिजएवढी आहे."

"मग ही नका नेऊ. भांड्यांच्या आधी वायरच भाजून निघेल."

त्यानं मला नीट पाहिलं. मीही पाहिलं. कोपरापर्यंत वाळलेली माती, एक ठिपका भुवईवरसुद्धा...

"तुम्ही दुकानाच्या मालकीणबाई का?"

"नाही."

"मग मी जाड वायर घेतली तर तुम्हाला काय मिळणार?"

"शांत झोप."

तो मोकळेपणानं हसला आणि त्यानं जाड वायर घेतली. दारातून जाताना मागे वळून म्हणाला, "झोप लागली की कळवा." मी पैसे देऊन घाईनं बाहेर पडले. रस्त्यावर आल्यावर लक्षात आलं की सेल काउंटरवरच राहिले.

आता सांगायलाच हवं, मी नगरपालिकेची विद्युत निरीक्षक आहे. आधी डिप्लोमा, मग सुपरवायझरची परीक्षा, मग तीन वर्षं कंत्राटदाराच्या हाताखाली शिड्या चढणं, आणि शेवटी ती मुलाखत. तिथं एका गृहस्थांनी विचारलं, "बाईमाणसाला खांबावर चढणं जमेल का?" तेव्हा "तुम्हाला चढवून दाखवू का?" असं म्हणता म्हणता मी जीभ आवरली. दुकान असो, शाळा असो की कारखाना, नव्या वायरिंगची तपासणी करून मी सही केल्याशिवाय तिथं वीज जोडली जात नाही. आई म्हणते, ही पाहुणी म्हणून गेली तरी आधी मीटरबॉक्स बघते आणि मग माणसं.

पुढच्या आठवड्यात एका नव्या वर्कशॉपच्या तपासणीला गेले, तर दार उघडलं भुवईवरच्या ठिपक्यानं.

"अरे! झोप लागली वाटतं," तो म्हणाला.

"तपासणीला आलेय," मी ओळखपत्र दाखवलं. आवाज शक्य तितका सरकारी ठेवला.

मनातल्या मनात मी त्याचं नाव मातीवाला ठेवलं. जागा एका बंद पडलेल्या टायरच्या दुकानाची होती. फळ्यांवर कच्चे कप, वाडगे, एक कान तुटलेला हत्ती. कोपऱ्यात नवीकोरी भट्टी. मी लोड तपासला, ब्रेकर तपासले, जाड वायर तर मला ओळखीचीच होती. तेवढ्यात तो चिखलाच्या हातानं स्विच दाखवायला गेला, आणि मी त्याचं मनगट धरून हात मागे ओढला.

"ओल्या हातानं स्विचला हात लावायचा नाही. कधीच नाही."

"बरं," तो हळूच म्हणाला. मनगट सोडायला मला जरा उशीरच झाला.

राहिलं होतं अर्थिंग. गळती झाली तर वीज माणसातून न जाता मुकाट जमिनीत जावी म्हणून मागच्या अंगणात खोल खड्ड्यात पाइप पुरलेला असतो. बाहेर दोन दिवसांची रिपरिप चालू होती. त्यानं माझ्यावर छत्री धरली आणि स्वतः भिजत उभा राहिला. मी मीटर लावला. रीडिंग उत्तम आलं.

"म्हणजे पास?"

"माती ओली आहे. ओल्या मातीत वाईट अर्थिंगही चांगलं दिसतं. पावसातलं रीडिंग मी धरत नाही. चार दिवस ऊन पडलं की परत येईन."

त्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "मॅडम, मी बँकेतून बिनपगारी रजा काढून आलोय. महिनाअखेर रजा संपते. तोवर भट्टी पेटली नाही तर हे सगळं आवरून परत खुर्चीत जाऊन बसायचं, असा वडिलांशी करार आहे. बँक दुसऱ्या गावात आहे."

"मग ऊन पडू दे म्हणा."

"तुम्हाला परत यायचंच असेल तर सरळ सांगा ना," तो छत्रीखाली वाकून म्हणाला. "पावसावर कशाला ढकलता?"

मी रागानं बॅग उचलली. राग त्याचा नव्हता... गाल तापले होते, त्याचा होता.

ऊन पडलं. चौथ्या दिवशी सकाळी मी निघाले तर आई दारात आडवी उभी.

"साइटवर चाललीस?"

"हो."

"कानात झुमके घालून?"

मी आरशात पाहिलं. खरंच घातले होते. शिडीवर चढताना अडकतील म्हणून मी एरवी साधी कुडीसुद्धा घालत नाही. आई ओठ दाबून स्वयंपाकघरात गेली आणि मी तिथंच पलंगावर बसले. मला त्याचं अर्थिंग तपासायचं नव्हतं. ते पास व्हावं असं मला वाटत होतं. अगदी जीव तोडून वाटत होतं, कारण तो गेलेला मला चालणार नव्हता. असं वाटणाऱ्या माणसाच्या हातात मीटर असू नये. काटा कुठंही थांबला तरी मला हवं तेच दिसलं असतं.

झुमके काढले, पर्समध्ये टाकले आणि थेट साहेबांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले. आमच्या साहेबांना सगळं ऑफिस पाठीमागे हायव्होल्टेज म्हणतं.

"साहेब, ती भट्टीची तपासणी माझ्याकडून काढून घ्या. जिथं आपला संबंध आहे तिथं आपण तपासणी करायची नाही, असा नियम आहे."

"नातं काय?"

"काही नाही."

"मग?"

"अजून काही नाही, साहेब."

चष्म्यावरून त्यांनी माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "त्याला माहितीये?"

"नाही."

"कमाल आहे. आधी मला सांगताय." आणि मीटर घेऊन ते स्वतः निघाले.

दुपारी परत आले ते डोकं हलवतच. रीडिंग हवं त्यापेक्षा पार वर गेलं होतं. संशय आला म्हणून त्यांनी पाइप धरून ओढला, तर तो मुळ्यासारखा हातात आला. खाली खडक लागल्यावर वायरमननं पाइप कापून हातभराचाच पुरला होता. नापास.

त्याचे कच्चे कप, तो एक कान तुटलेला हत्ती... आणि महिनाअखेर तर पुढच्याच आठवड्यात.

संध्याकाळी तो ऑफिसच्या फाटकापाशी उभा होता.

"तुम्ही का नाही आलात?" त्याचा आवाज चढला नव्हता, पण दुखावलेला होता. "नापासच करायचं होतं तर तोंडावर करायचं. तेवढा हक्क होता तुम्हाला."

"मला नापास करायचं नव्हतं."

"मग?"

"पास करायचं होतं." मी फाटकाची कडी घट्ट धरली. आता मागे हटायचं नाही, असं स्वतःला बजावलं. "खड्डा कसाही असता तरी पास करावंसं वाटत होतं. तुम्ही जाऊ नये म्हणून. अशा माणसानं तपासणीला जायचं नसतं... म्हणून नाही आले."

त्याला समजायला जरा वेळ लागला. समजलं तेव्हा तो कानापर्यंत लाल झाला आणि भुवई चोळू लागला. आज तिथं माती नव्हती.

"म्हणजे मी नापास झालो, कारण तुम्हाला मी..."

"खड्डा नापास झाला. तुम्ही नाही."

तो हसला. मग एकदम ताठ झाला. "घरात कुदळ आहे का?"

"पहार आहे."

"उद्या रविवार आहे."

"मला माहितीये. आणि उद्या मी कुणाचीही इन्स्पेक्टर नाही."

सकाळी जाड बूट घालून मी पोचले. अंगणाच्या दुसऱ्या टोकाला जमीन मऊ लागली. आळीपाळीनं खणलं. त्यानं पाइप धरला, आतली माती ओलसर राहावी म्हणून मी मीठ-कोळशाचे थर दिले. दोघांच्याही तळहातांना फोड आले, माझ्या कमरेचा काटा ढिला झाला, आणि थांबू या असं दोघांपैकी कुणीच म्हणालं नाही. संध्याकाळी दमून पायरीवर टेकलो तेव्हा तो म्हणाला, "एक विचारू? मला तुम्ही पहिल्या दिवसापासून आवडता. पण तुमच्या हिशोबानं तेही पावसातलंच रीडिंग झालं ना?"

"मग?"

"गेले चार दिवस कडक ऊन होतं. राग आला होता, भट्टी जाणार होती, तुम्ही फिरकला नव्हतात. तरी तेवढंच आवडत होतात."

मी पर्समधून झुमके काढले आणि मातीच्या हातांनी तिथंच कानात घातले.

बुधवारी साहेब तपासणीला आले; मी लांब पायरीवर उभी होते. पाइप दोन्ही हातांनी ओढून पाहिला. हलला नाही. कोरड्या ठणठणीत मातीत मीटर लावला, काटा बघितला आणि सही केली. जाताना माझ्या हातांवरच्या फोडांकडे नजर टाकून म्हणाले, "खड्डा कुणी खणला हे विचारा, असं नियमात कुठं लिहिलेलं नाही."

रजेचा एक दिवस शिल्लक असताना वीज जोडली गेली. त्यानं वाडगे, कप भट्टीत रचले, हत्तीला सगळ्यात वर ठेवलं आणि घाईघाईनं स्विचकडे गेला.

"थांबा. हात बघू."

त्यानं दोन्ही हात पुढे केले. ओले होते, अर्थातच. मी रुमाल काढला आणि एकेक बोट कोरडं पुसलं. सावकाश. नियमाला लागतं त्याच्यापेक्षा बरंच सावकाश.

"झालं?" तो कुजबुजला.

"उजवा झाला. डावा माझ्याकडेच राहू दे."

त्यानं उजव्या हातानं स्विच दाबला. भट्टीचा लाल दिवा लागला. आपण त्याला तुम्ही म्हणायचं विसरून गेलो, हे माझ्या लक्षात आलं ते पुढचं वाक्य बोलून झाल्यावर.

"आता बँकेत फोन कर," मी म्हणाले, "आणि सांग, येत नाहीस म्हणून."