भिंतीवरचा काळा पंजा

किंचाळी ऐकली आणि वरच्या मजल्यावर राहणारी हवालदार सविता गॅस बंद करून तशीच खाली धावली.

खालच्या फ्लॅटमध्ये सुकन्या दाराला पाठ लावून उभी होती. दिवस भरलेली बाई. समोरच्या पांढऱ्या भिंतीवर काळ्या हाताचा पंजा उमटला होता.

"काल टाचण्या टोचलेलं लिंबू, आज ह्ये," ती म्हणाली. "मॅडम, हितं काय तरी हाय. मला लई भ्या वाटतंय."

पहिल्या खेपेला गावाहून, तिसगावहून, नगरच्या दवाखान्यात येताना टेम्पोतच तिचं बाळ गेलं होतं. म्हणून या वेळी नवऱ्यानं नगरच्याच सावेडीत, दवाखान्यासमोरच, महिन्यापुरता फ्लॅट घेतला, सोबतीला आपल्या आईला ठेवलं आणि मग ऊसतोडीला गेला. महिन्याभरासाठी कोण घर देतं हो? दारोदार हिंडून हा एकच मिळाला होता.

"चल माघारी," सासू लंकाबाई बोचकं बांधत म्हणाली. "जागा वंगाळ हाय. टेम्पो बोलावलाय म्या."

"डॉक्टर हलू नका म्हणालेत ना?" सविताने विचारलं.

"डॉक्टर राहनार हाय का ह्या घरात?"

तेवढ्यात हा फ्लॅट मिळवून देणारा एजंट कल्याण धापा टाकत आला. सविता त्याच्यावरच घसरली.

"दुसरी किल्ली तुझ्याकडंच ना रे?"

"आहे. पण आईशप्पथ, पाऊल नाही टाकलं मी!"

"या फ्लॅटला दुसरं गिऱ्हाईक आहे तुझ्याकडं?"

"आहे, मॅडम. म्हणून मी पोटुशी बाईला घाबरवीन होय?"

सविता वळली. "सुकन्या, रात्री दाराला साखळी होती?"

"मीच लावली. सकाळी तशीच हुती. म्हनून तर मॅडम..."

सविताच्याही अंगावर काटा आला. तरी तिनं पंजाजवळ नाक नेलं आणि वास घेतला.

"मावशी, मिसरी लावता?"

"लावायची. सुनेला वासानं मळमळतंय, म्हनून आल्यापास्नं सोडलीय. डबी भरलेली तशीच हाय."

"दाखवा बरं."

लंकाबाईचा हात बोचक्यावरच राहिला. सविताने डबी काढून उघडली. ती रिकामी होती.

"साखळी आतून होती," सविता म्हणाली. "म्हणजे किल्ली असून कल्याणला आत येता आलं नसतं. या पंजाला भाजलेल्या तंबाखूचा वास आहे. मिसरी पाण्यात कालवून केलाय तो. सोडलेली मिसरी संपली कुठं, मावशी? आणि नखं बघा तुमची."

नखं काळी होती.

लंकाबाई मटकन खाली बसली. "व्हय, म्याच केलं. माझी लेक चांगुणा अशीच धडधाकट पोर. बाळंत व्हायला दवाखान्यात गेली, मला भाईरच बसवलं, आन् भाईर आली ती चादरीत गुंडाळून. ही बी तशीच जाईल म्हनून जीव ऱ्हाईना माझा."

"आन् माझं लेकरू?" सुकन्या ओरडली. "तुमच्याच मांडीवर गेलं ना टेम्पोत, आत्याबाई?"

सुकन्यानं एकदम पोट धरलं. कळ आली होती. खाली टेम्पोचा हॉर्न वाजला.

लंकाबाई उठली. "त्याला माघारी धाड," ती कल्याणला म्हणाली. मग तिनं सुनेच्या काखेत हात घातला, आणि दारापाशी सविताचा पदर धरला.

"बाई, समूरच्या दवाखान्यात सांगा तेवढं. मला हिच्यासंगं आत येऊ द्या. भाईर बसवू नगा."