पाठराखणीची पाठवणी

आमच्या विद्यापीठात आधी पाटी लागते, मग दुकान उघडतं. 'सोबत' योजनेचंही तसंच झालं. रस्त्यात भीती वाटली तर मुलीने पोस्टरवरच्या नंबरला फोन लावायचा आणि वरच्या वर्गातली, शिकवून तयार केलेली एखादी मुलगी तिला खोलीपर्यंत सोडायला जायची, अशी ही योजना. पोस्टरं गेटवर लागली, कँटीनमध्ये लागली, बाथरूमच्या दारांवर आतल्या बाजूनेही लागली. सोबत करणाऱ्या मुली मात्र अजून निवडायच्याच होत्या आणि नंबरही चालू झाला नव्हता. इथली समुपदेशक मी आणि मदत केंद्रही मीच चालवते, त्यामुळे शिव्या खायला मी, रूपश्रीच.

आमचं आवार बंगळूरच्या विमानतळाकडे, देवनहळ्ळीच्या अलीकडे आहे. गेटापासून मुलींच्या पीजीकडे जाणारा रस्ता नव्या लेआउटमधून जातो. दगड लावून आखलेले रिकामे प्लॉट, मधेच एखादं अर्धवट घर, कडेला निलगिरीची झाडं. विमानं इतकी खालून जातात, की बोलणं थांबवावं लागतं. भर दुपारीही त्या रस्त्याला माणूस दिसत नाही.

सोनम निपाणीकडची, पहिल्या वर्षाला होती. तिच्याच वर्गातला अभिजीत रोज बाईक हळू चालवत पीजीपर्यंत तिच्या मागे जायचा. बोलायचा नाही, नुसता मागे राहायचा. तिच्या वडिलांना, देवाप्पांना, हे कळलं असतं तर त्यांनी गाशा गुंडाळून तिला घरी नेलं असतं. "मग शिक्षण संपलंच की माझं, अक्का," म्हणत ती माझ्यासमोर ढसाढसा रडली. मला त्या पोराचा भयंकर संताप आला. तक्रार मी समितीकडे पाठवली, पण समिती ती समितीच, बैठक ठरायलाच वेळ लागणार होता. तोवर आपणच रोज तिला सोडायला जावं असं ठरवून मी तिला बोलावून घेतलं, तर ती हसत हसत आली.

"नको ओ अक्का. तुम्ही धाडलेल्या बाई येतात की रोज."

"मी कुणाला धाडलंय?"

"सोबतवाल्या. पोस्टरवरचा नंबर लावला, कुणी उचलला नाही. गेटाबाहेर पडले तर उभ्याच होत्या."

नाव तिने विचारलं नव्हतं. वयाने मोठ्या आहेत, मराठी बोलतात, डाव्या अंगाला एक पाऊल मागे चालतात, एवढं तिला सांगता आलं. दिसतात कशा, असं विचारल्यावर ती गोंधळली.

"सारखं वळून कसं बघायचं ओ? बरं दिसत नाही ते."

मी गेटावरच्या नागराजकडे गेले आणि कॅमेऱ्याचं चित्रण मागून घेतलं. पडद्यावर सोनम एकटी होती. रस्ता मोकळा असूनही ती उजवीकडे सरकून, डावीकडे जागा ठेवून चालत होती आणि खांद्यावरून मान किंचित वळवून बोलत होती. कानात हेडफोन असणार, असं मी स्वतःला सांगितलं. घाबरलेलं मन आपली सोबत आपणच तयार करतं, हे मी शिकले आहे आणि पाहिलंही आहे. ती रडत नव्हती, वर्गाला जात होती, मग मी कशाला नाक खुपसू?

काही दिवसांनी अभिजीत आपण होऊन केंद्रात आला. हा पुण्याचा, एरवी मोठा ऐटबाज. मी बस म्हटलं तरी बसला नाही. भिंतीला पाठ लावून उभा राहिला.

"मॅम, मी माफी मागतो. लेखी देतो. मी आता तिकडे जात पण नाही."

"मग?"

"मग त्यांना सांगा ना. त्या अजून माझ्या मागे येतात."

"कोण येतं?"

तो भिंतीला आणखीच चिकटला. दाढी वाढली होती, ओठ सुकले होते. मला त्याची दया येईल असं कधी वाटलं नव्हतं, पण आली. जाताना तो दारातून उलट्या पावलांनी बाहेर पडला.

खरं तर इथे सगळं मिटायला हवं होतं. पण त्यानंतर सोनमच वाळायला लागली. कँटीनमध्ये एकटी बसायची. मैत्रिणी तिच्याबरोबर निघायच्या आणि थोड्या वेळाने आपोआप मागे राहायच्या. कावेरी नावाची तिची खोलीतली मैत्रीण तर खोली बदलून गेली. कारण विचारलं तर म्हणाली, "जागा पुरत नाही."

"आता त्या खोलीतपण येतात, अक्का," सोनम म्हणाली. "भिंतीकडं तोंड करून झोपते, तर पाठीशी बसून असतात. चांगल्या आहेत. पण जात नाहीत. मी घरीच जाते आता."

म्हणजे वडिलांनी न्यायच्या आधी ही स्वतःच निघाली होती. मला ते सहन होईना. समोरच्या माणसाच्या समजुतीशी भांडू नये, तिच्यातूनच वाट काढावी, असं आमचं शास्त्र सांगतं. मला पाठराखीण आठवली. नवी नवरी सासरी जाते तेव्हा माहेरची एखादी मुलगी पाठराखीण म्हणून तिच्याबरोबर जाते. नवरी रुळली, की पाठराखणीची ओटी भरून तिला परत पाठवतात.

"तुझ्या घरी असं करतात ना?" मी विचारलं.

"करतात की."

"मग आपणही करू."

दुसऱ्या दिवशी सकाळी केंद्रातच आम्ही ओटी भरली. रिकाम्या खुर्चीवर सोनमने खण ठेवला, तांदूळ घातले, नारळ ठेवला. हळदीकुंकू हवेत कुठे लावायचं हे तिला अचूक ठाऊक होतं. मी आपली रीतीप्रमाणे हात जोडून म्हणाले, "मुलगी रुळली आमची. आता निघा तुम्ही." सोनमचा चेहरा खरोखर उजळला. ती वर्गाला गेली आणि मी स्वतःवर भलतीच खूश झाले.

दुपारी डबा खाता खाता मी चामराजपेटला आईला फोन करून हे सगळं मोठ्या फुशारकीने सांगितलं. आई, लक्ष्मीदेवी, असल्या गोष्टींना हसते. या वेळी हसली नाही.

"सरी, बरं केलंस. आणि पोचवायला कोण गेलं?"

"कुणाला?"

"अगं, पाठराखणीला एकटीला धाडतात होय? घरातलं कुणीतरी पोचवायला जातं. बाईमाणूस ती. स्वल्प तरी ध्यान ठेवायचंस."

मी खुर्चीकडे पाहिलं. ओटी तिथे नव्हती.

मी वर्गाकडे धावले. सोनम तिथे नव्हती. "पोचवून येते" एवढंच सांगून ती तास अर्धवट टाकून उठून गेली होती.

नागराजने चित्रण मागे नेलं. गेटातून सोनम बाहेर पडत होती, पदरात धरावा तसा ओढणीत नारळ धरून. पीजीची वाट सोडून ती निलगिरीच्या बाजूला वळली. या वेळी तिने पुढे जागा सोडली होती. ती स्वतः डाव्या अंगाला, एक पाऊल मागे चालत होती.

 मी फोन लावला.

तो लगेच उचलला गेला.

"सोनम, कुठं आहेस?"

"पोचवलं, अक्का. लई लांब आहे ओ घर." तिला धाप लागली होती. "निघाले मी परत."

"तिथेच थांब. मी येते."

"कशाला? एकटी कशी जाशील म्हणाल्या. त्याच येतात मला सोडायला."

तिचा आवाज लांबून, तुटक येत होता. फोनच्या अगदी जवळ मात्र एक श्वास चालू होता, संथ, जराही न दमलेला.